रविवारी ओली होणारी भिंत

१

लुझियाच्या पलंगामागची भिंत काळी पडली होती. चार-दोन डाग असते तर गोष्ट वेगळी. इथे जमिनीपासून छतापर्यंत अख्खा पट्टा होता, त्यात माणूस उभा राहील एवढा रुंद, आणि त्यावर लव फुटावी तशी बुरशी. सात वर्षांची ती पोर तेव्हा इस्पितळात नाकात नळी घालून पडली होती. तिची आई रोशेल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मी घाणेरडी नाहीये."

"मी तसं म्हटलं का?"

"तुम्ही नाही. कोर्टात म्हटलंय."

मी झेलिया पाशेको, नगरपालिकेची घरतपासनीस. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर शहरातल्या ओल्या भिंती बघण्यात माझी उमर गेली. घरमालक म्हणतात, भाडेकरू खिडक्या उघडत नाहीत. भाडेकरू म्हणतात, घर गळतं. आणि दोघं माझ्याकडे असे बघतात, जशी काही बुरशी मीच पर्समधून आणली. नियम तसा सोपा आहे. पाणी घराच्या बांधणीतून आलं तर जबाबदारी मालकाची. राहणाऱ्याच्या सवयीतून आलं, म्हणजे आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या, तर भाडेकरूची. पण आपण कुठून आलो ते पाणी सांगत नाही, आणि माणसं खरं सांगत नाहीत.

इथे तर मालक आणि भाडेकरू म्हणजे सासू आणि सून. तीन मजली लाकडी घर. तळमजल्यावर मालकीण दोना एर्मिनिया रापोझो; आम्ही पोर्तुगीज मोठ्या बाईला मानाने दोना म्हणतो. मधल्या मजल्यावर रोशेल आणि लुझिया. सगळ्यात वर प्राक नावाचे एक कंबोडियन विधुर. एर्मिनियाचा मुलगा देलियो बायकोशी काडीमोड घेऊन पुलापलीकडच्या नव्या घरात गेला होता. रोशेल भाडं भरून तिथेच राहिली, कारण लुझियाची शाळा कोपऱ्यावर आणि आजी खाली. आता देलियोने कोर्टात अर्ज टाकला होता: आई मुलीला सडक्या खोलीत ठेवते, मुलगी माझ्या ताब्यात द्या. पुढच्या आठवड्यात सुनावणी. ओल कोणाची ते मी लिहिणार, आणि त्यावर पोर कोणाची ते ठरणार.

भिंतीने मला चकवलं हे आधीच सांगते. ती घराच्या मधोमध, खोली आणि घरातला बोळ यांच्यातली. पाऊस लागणारी बाहेरची भिंत नव्हे. आतून नळ जात नव्हता. वरचं छत कोरडं, खालची फरशी कोरडी. ओल मोजायचं यंत्र पट्ट्यावर लावलं की कावल्यासारखं ओरडायचं आणि हातभर बाजूला सरकवलं की गप्प.

"जास्त ओली कधी असते?" मी विचारलं.

"रविवारी. मी बेकरीतून संध्याकाळी येते तेव्हा ओघळ येत असतात."

"रविवारी लुझिया कुठे असते?"

"खाली, तिच्या वोवोकडे, आजीकडे. सकाळपासून."

"मग इथे घरात कोण असतं?"

रोशेलने माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "कोणीच नसतं," ती म्हणाली.

२

"अगं झेलिया, तुझी आई आणि मी एकाच गावच्या. सांव मिगेल बेटावर आमच्या शेतांना एकच बांध होता," दोना एर्मिनियाने दारातच माझे दोन्ही गाल चुंबले. "ये, आधी माझं स्वयंपाकघर बघ. बोट फिरव. थेंब दिसला तर माझं नाव बदल."

बोट फिरवलं. स्वयंपाकघर आरशासारखं लखलखीत. भट्टीच्या दारावर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. मेणाची फळं, चिनी मातीचा कोंबडा, भिंतीवर येशू.

"इथे काही बदल केलेत का? नळ, धुराडं, पंखा?"

"माझ्या स्वयंपाकघराला कोणी हात लावायचा नाही. नवरा होता तोही लावत नव्हता. बास झालं तुझं बघून? चल, खाली बसू. सूप गरम आहे."

खाली गेलो. लांब टेबल, त्यावर मेणकापड, जुन्या दोन शेगड्या आणि अंघोळीला पुरेल एवढं पातेलं. त्यात केल नावाच्या कोबीचा पाला, बटाटे आणि लाल लिंगिसाचे सॉसेज रटरटत होते. जानेवारीचा महिना, आणि तळघराची खिडकी सताड उघडी. मी कोट काढलाच नाही.

"दोना, ती खिडकी लावू का?"

"नको बाई, देलियो ओरडतो. चुलीवर काही ठेवलं की खिडकी उघड म्हणतो. आईची काळजी आहे हो त्याला. तुझा मुलगा करतो का एवढं?"

"मला मुलगा नाही."

"हां. तेच म्हणते मी."

सूप मात्र फर्मास होतं. माझी आई करायची तसंच. दोन वाट्या प्यायले आणि मग सुनेचा विषय काढला. काढायची गरज नव्हती म्हणा, तो तिथे झाकण लावून तयारच होता.

"ती फ्रेंच. त्यांच्यात घर झाडतात ते पाहुणे येणार असले तर. ओले कपडे हीटरवर टाकते. पोरीच्या खोलीत ते वाफेचं यंत्र लावते. डॉक्टरने सांगितलं म्हणे! आमच्या वेळी डॉक्टर होता का? मी तीन पोरं वाढवली, एकाला तरी दमा झाला?"

"लुझिया खालीच राहावी असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं म्हणजे? माझी नात आहे ती. देलियो दिवसभर छपरांवर असतो. पोर त्याच्याकडे आली की दिवसा मीच सांभाळणार." ती उठली आणि मला हाताला धरून वर, मागच्या खोलीत घेऊन गेली. "बघ."

छोटा पांढरा पलंग. उशीवर बाहुली. पडद्यांवर फुलपाखरं. चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"सुंदर आहे. कधी केलंत हे?"

"ऑक्टोबरात," एर्मिनिया अभिमानाने म्हणाली.

रोशेलने भिंतीवरचा पहिला डाग बघितला तो नाताळात. पोर आजारी पडायच्या आधीच तिचा पलंग खाली घातला गेला होता.

३

देलियो रापोझो मला त्याच्या गाडीशी भेटला. गाडीवर शिड्या, अंगावर डांबराचा वास, चेहऱ्यावर लोणी. ज्या बायकांना त्याने छपरं घालून दिली त्या अजून त्याची आठवण काढतात असं ऐकलं होतं. ते पटलं.

"दोना झेलिया, तुमचा वेळ वाचवतो," तो म्हणाला. "वरून पाणी नाही. सप्टेंबरात छप्पर मी स्वतः नवं घातलंय. अख्ख्या गल्लीत एवढं सपाट छप्पर दुसरं दाखवा. एक भोक नाही त्यात! त्या भिंतीत नळ नाही. माझा जन्म त्या घरात गेलाय, मला माहीत नसणार तर कोणाला? मग उरलं कोण?"

"तुम्ही सांगा."

"मी कशाला सांगू? मुलीच्या आईबद्दल वाईट बोलू नये." हे तो अगदी मनापासून बोलला. चोराच्या उलट्या बोंबा मी खूप ऐकल्यात, पण इतक्या गोड आवाजातल्या कमी.

"तुम्ही राहत होतात तेव्हा ती भिंत कोरडी होती?"

"खणखणीत. ती एकटी राहायला लागली आणि हे झालं. मी काही मनाचं सांगत नाही, पुरावा आहे." त्याने फोन काढला. मुलीला न्यायला-सोडायला यायचा तेव्हा त्याने फोटो काढून ठेवले होते. मी मागून पुढे बघत गेले. काळा पट्टा. त्याआधी हिरवट पट्टा. त्याआधी बशीएवढा डाग. आणि सगळ्यात पहिल्या फोटोत करड्या रंगाचा एक ठिपका, नखाएवढा, तोही पलंगामागे. पलंग ओढल्याशिवाय दिसला नसता.

"हा केव्हाचा?"

"अगदी सुरुवातीचा. नाताळाच्या खूप आधीचा."

"मग तेव्हाच रोशेलला सांगितलं का नाहीत?"

त्याने फोन खिशात टाकला. "तिचं घर, तिची जबाबदारी."

"आणि लुझियाची खोली."

"ते जज ठरवतील," देलियो हसून म्हणाला आणि शिडी चढायला लागला.

मी खाली उभी राहून विचार करत होते. नखाएवढा डाग कोणाला सहज दिसत नाही. तो दिसायला, तो तिथे उगवणार हे आधी माहीत असावं लागतं.

४

राहता राहिले वरचे प्राक. त्यांच्याकडे मोठ्या आशेने गेले, कारण रोशेल म्हणाली होती की त्यांच्या खोलीत जंगल आहे. खरंच होतं. गवती चहा, मिरच्या, कुंडीत लिंबाचं झाड, आणि म्हातारबाबा झारी घेऊन त्यांच्याशी गप्पा मारत होते. पाणी घालणारा माणूस बघितला की माझ्यासारखीला धीर येतो. पण प्रत्येक कुंडीखाली ताटली होती आणि जमीन ठणठणीत कोरडी.

"मला पण काढणार का इथून, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोण काढतंय?"

"ओल आली की कोणाला तरी काढतात. मी बघितलंय."

मी त्यांचं कपाट उघडायला सांगितलं, कारण ते बरोबर लुझियाच्या भिंतीच्या वर होतं. आत एक जुना सूट, चार सदरे. भिंत ओली नव्हती, पण रंगाला फुगे आले होते. मी वाकले आणि वास घेतला.

"आला ना?" प्राक म्हणाले. "तुमच्या लोकांच्या सॉसेजचा. माझ्या लग्नाचा सूट आहे तो. बायको असती तर म्हणाली असती, कुठल्या पोर्तुगीज बाईकडे जेवून आलास?"

मी खदखदून हसले. "अहो, खालून येत असेल. दोना एर्मिनियाचा हात मोठा आहे."

"नाही, नाही." म्हातारबाबांनी मान हलवली. "मी भाडं द्यायला जातो ना, तिचं स्वयंपाकघर बघतो. देवळासारखं. तिथे कधी अंडंसुद्धा उकडलेलं नाही. म्हणून तर तुम्हाला विचारायचं होतं. ती बाई स्वयंपाक करते कुठे?"

"म्हणजे काय, खा—"

शब्द तोंडातच राहिला. खाली. अजून कुठे? आमच्यात सगळ्याच करतात. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायचं, धूर-तेलाचं सगळं काम तळघरात. माझ्या आईचं तसंच, मावशीचं तसंच. आमच्यात ‘स्वयंपाकघर’ म्हणजे वरचं, आणि खालचं म्हणजे नुसतं ‘खाली’. मी एर्मिनियाला विचारलं होतं, स्वयंपाकघरात काही बदल केलेत का? तिने खरं तेच सांगितलं. दुसरा कोणी तपासनीस असता, आयरिश, चिनी, कोणीही, तर त्या तळघरात पाऊल टाकताच त्याने विचारलं असतं, ही चूल इथे काय करतेय आणि हिची वाफ जाते कुठे? मी मात्र त्या चुलीशेजारी बसून दोन वाट्या सूप ओरपलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मॅडम? बरं वाटत नाही का?" प्राकनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "या रविवारी तुम्ही घरी आहात?"

५

रविवारी रोशेल किल्ली माझ्या हातात देऊन बेकरीत गेली. मधला मजला रिकामा. वर प्राकनीही त्या दिवशी झारीला हात लावायचा नाही असं कबूल केलं होतं. नळ बंद, हीटरवर एकही कपडा नाही, वाफेचं यंत्र मी स्वतः नेऊन गाडीत ठेवलं. लुझियाच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. पलंगावर तिची वही उघडी पडलेली, त्यात एक अर्धवट रंगवलेला घोडा.

सकाळी भिंत थंड होती. चर्चची घंटा वाजली, खाली गाड्यांची दारं आपटली, एर्मिनियाचा गोतावळा जेवायला जमायला लागला. थोड्या वेळाने भिंतीला तळवा लावला तर कोमट. दुपार कलायला लागली तेव्हा पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक टपोरा थेंब जमला, थबकला आणि काळ्या लवेतून वाट काढत खाली आला. मग दुसरा. मी बोट लावून हुंगलं. लसूण.

मला राग यायला हवा होता, पण मी आधी उठून खिडकी उघडली. गॅसच्या चुलीची नुसती वाफ वर येत नाही. तिच्यासोबत विषारी हवाही येते, आणि तिला लसणाचासुद्धा वास नसतो. आणि ही पोर या भिंतीला डोकं लावून झोपत होती.

भिंतीवर बोटांनी ठोकलं. पट्ट्याबाहेर भरीव आवाज, पट्ट्यावर पोकळ. मी तडक रस्त्यावर गेले आणि पलीकडच्या फुटपाथवरून वर बघितलं. तिथे एका गिरणीने एकाच वेळी बांधलेली तीन एकसारखी घरं आहेत. उजवीकडच्या घराच्या डोक्यावर मधोमध विटांचं जुनं धुराडं. डावीकडच्याच्याही. मधल्या रापोझोंच्या घरावर काहीच नाही. नुसतं सपाट, तुकतुकीत नवं छप्पर.

एक भोक नाही त्यात. देलियो खरं तेच बोलला होता.

मी रोशेलला फोन केला. "बेकरीतून सुट्टी मागून ये. आत्ता." मग तळघराच्या पायऱ्या उतरले.

६

जेवणं उरकून बाकीचे निघून गेले होते. टेबलाशी देलियो संत्रं सोलत होता. एर्मिनिया रात्रीसाठी पुन्हा पातेलं चढवत होती. खिडकी उघडी.

"अगं झेलिया! वाढू का?"

"नको दोना. शेगडीवरचं ते नळकांडं जातं कुठे?"

"भिंतीत. माझ्या नवऱ्याने जोडलंय, जुन्या कोळशाच्या धुराड्याला. फार हुशार होता."

"होता. त्याने केलं तेव्हा धुराडं छपरावर उघडं होतं. वाफ आकाशात जायची. वरच्या मजल्यांवर धुराडं भिंतीत झाकलेलं, म्हणून कोणाला ते आठवतही नाही." मी देलियोकडे वळले. "सप्टेंबरात तुम्ही धुराड्याचं डोकं उतरवलंत आणि त्यावर छप्पर घातलंत. तेव्हापासून या चुलीची वाफ वर चढते, वाट बंद बघून थंड होते आणि विटांतून पाझरते. रविवारी सगळ्यात जास्त, कारण रविवारी पंगत असते. रोशेल घरात असो वा नसो. तिच्या कपड्यांचा आणि खिडक्यांचा या पाण्याशी काही संबंध नाही."

एर्मिनियाच्या हातातला डाव तसाच राहिला. "पाझरते कुठे?"

मला ते बोलायचं नव्हतं. पण कोणीतरी बोलायलाच हवं होतं. "लुझियाच्या पलंगामागे, दोना."

तिने गॅस बंद केला. मग शेजारच्या शेगडीचाही बंद केला, जी पेटलेलीच नव्हती. "मी तिच्यासाठी करते सूप," ती म्हणाली. "तिला आवडतं म्हणून रोज करते."

पायऱ्यांवर रोशेल उभी होती, अंगावर पीठ. किती ऐकलं कोणास ठाऊक. "म्हणजे मी नाही," ती म्हणाली. "मी काही केलेलं नाही. लिहा ते. आत्ता लिहा."

"लिहिणार आहे. पण रोशेल, वरची खोली मला आजच बंद करावी लागेल. तुझा अख्खा मजला. त्या हवेत कोणाला राहू देता येणार नाही."

"मग आम्ही जायचं कुठे?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. "मी खरी ठरले आणि त्याच दिवशी बेघर झाले?"

देलियोने संत्र्याची फोड तोंडात टाकली. "चूक झाली, मान्य," तो शांतपणे म्हणाला. "पप्पांनी जोडलं तेव्हा मी लहान होतो, मला काय माहीत? कायद्याने जबाबदारी घरमालकाची, हो ना दोना झेलिया? म्हणजे आईची. दुरुस्ती आम्ही करू. पण जज विचारणार, पोर झोपणार कुठे? माझ्याकडे कोरडी खोली आहे. हिच्याकडे काय आहे?"

अर्ज जिंकायला त्याला खोटी गोष्ट पुरली असती. आता खरी गोष्टही पुरत होती.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं. "मग चुलीवर काही ठेवलं की खिडकी उघडायला आईला का सांगितलंत? हिवाळ्यात? धुराडं बंद झालंय आणि हवा इथे कोंडेल हे ज्याला माहीत आहे तोच असं सांगेल. आईला जपलंत. वरचीला एक शब्द बोलला नाहीत. पलंग ओढून फोटो काढत बसलात."

"मी सांगितलं असं कोण म्हणतं?"

त्याच्या आवाजात अजूनही लोणी होतं. एर्मिनियाने मला जे सांगितलं ते माझ्या तोंडून ऐकीव म्हणून कोर्टात चालणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते एकाच माणसाने सांगायला हवं होतं. देलियोने आईकडे बघितलं. रोशेलने सासूकडे बघितलं. एर्मिनिया मेणकापडावरची संत्र्याची सालं गोळा करत राहिली.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

७

सुनावणीच्या दिवशी लुझियाला इस्पितळातून सोडलं होतं. ती रोशेलच्या बहिणीसोबत कोर्टाच्या बोळात बाकावर बसली होती, बूट हलवत, श्वास अजून जरा घरघरता. आतमध्ये मी माझं सांगितलं. ओल बांधणीतली, भाडेकरूचा दोष नाही. जजबाईंनी मान डोलावली. देलियोच्या वकिलानेही डोलावली. मग त्याने विचारलं, सध्या आईचा पत्ता काय? रोशेल म्हणाली, "बहिणीचा सोफा." तिला रडू येत होतं आणि ती ते गिळत होती. मला तिच्याकडे बघवेना. खरं शोधून काढायचं माझं काम मी चोख केलं होतं, आणि त्या कामाने तिच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं होतं.

मग रोशेलच्या वकिलाने दोना एर्मिनियाला उभं केलं. काळा पोशाख, हातात जपमाळ. वकील तरुण होती, आवाजात धार नव्हती. तिने एवढंच विचारलं, "तळघराची खिडकी उघडायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हातारीच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मला मुलगा नाही. ती जपमाळेचे मणी सरकवत राहिली, तेव्हा जजबाईंनी दुभाष्याला प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं.

"ऐकलं मी," एर्मिनिया म्हणाली. "देलियोने सांगितलं. छप्पर झालं त्याच आठवड्यात. म्हणाला, आई, आता धूर वर जाणार नाही, खिडकी उघडी ठेव. आणि ऑक्टोबरात पांढरा पलंग त्यानेच आणला. म्हणाला, पोर हिवाळ्यात खाली येईल. मी विचारलं नाही का येईल. मला ती यायला हवी होती, म्हणून मी विचारलं नाही." मग जजबाईंकडे बघून म्हणाली, "घर माझं आहे. जबाबदारी माझी. पण पोरीला तिच्या आईकडे राहू दे. सोफ्यावर राहिली तरी चालेल."

देलियोचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा लोण्याशिवाय बघितला.

लुझिया आईकडेच राहिली. देलियोला तिला भेटायचं तर कोणाच्या तरी नजरेखाली, तेही पुढच्या सुनावणीपर्यंत. वरचे दोन्ही मजले दुरुस्त होईस्तोवर दुसऱ्या घराची सोय मालकिणीने करायची. प्राकनाही जावं लागलं, कुंड्यांसकट. लग्नाचा सूट त्यांनी स्वतःच्या हातावर टाकून नेला, आणि मला तेच जास्त लागलं.

बोळात रोशेलने लुझियाला असं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. एर्मिनिया चार पावलं पुढे झाली. रोशेलने तिच्याकडे बघितलं, पोरीचा कोट सारखा केला आणि तिला घेऊन जिन्याने खाली गेली. वाईट शब्द बोलली नाही. आभारही मानले नाहीत. मला वाटतं तिच्या जागी तेच बरोबर होतं.

मग देलियो बाहेर आला. आमच्यात एक रीत आहे. आईसमोरून जाताना मुलाने आशीर्वाद मागायचा. कितीही मोठा होवो, भांडलेला असो, प्यायलेला असो. ‘आशीर्वाद, आई’ म्हणायचं, ती ‘देव तुझं भलं करो’ म्हणते, आणि मग पुढे जायचं. मागितला नाही असा माणूस मी आजवर बघितला नव्हता. देलियो तिच्या खांद्याला घासून गेला आणि लिफ्टचं बटण दाबून आकडे बघत उभा राहिला. लिफ्ट आली. तो आत गेला, वळला नाही.

"देव तुझं भलं करो, बाळा," एर्मिनिया त्याच्या पाठीला म्हणाली. पण म्हातारीचा आवाज तो केवढा, आणि दार तिच्या दुसऱ्या शब्दालाच मिटलं होतं.

ती तशीच दाराकडे बघत राहिली. मग माझी बाही धरून म्हणाली, "झेलिया, त्याने ऐकलं ना गं?"

"ऐकलं, दोना," मी म्हणाले आणि तिला जिन्याकडे घेऊन गेले.